मनोरी तर पश्चिमेला, मग इथले लोक ‘ईस्ट इंडियन’ कसे?

मालाड स्टेशनला वेस्टला उतरायचं, मार्वेची बस पकडायची, जेट्टीवर फेरीबोटीत बसायचं आणि खाडी ओलांडायची. काही मिनिटांत मनोरी. मुंबई महापालिकेच्या हद्दीतली जी गावं अगदी पश्चिमेच्या टोकाला आहेत, त्यातलं हे एक. गावापुढे थेट अरबी समुद्र. आणि इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना ‘तुम्ही कोण’ असं विचारलं, तर बहुतेकांकडून उत्तर येतं, ‘आम्ही ईस्ट इंडियन.’

खाडीच्या अलीकडे हे उत्तर दिलं की पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: ‘म्हणजे कोलकात्याकडचे का?’

कोलकात्याचा इथे काहीही संबंध नाही. ही माणसं शेकडो वर्षं इथलीच. घरात मराठी बोलतात, मिस्साही मराठीत होते. तरीही प्रश्न विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. इंग्रजीत ‘ईस्ट इंडियन’ या शब्दाला एकाहून जास्त अर्थ आहेत आणि त्यातला जो अर्थ आज सगळ्यांत आधी डोक्यात येतो, तोच मनोरीला लागू पडत नाही.

हा घोळ नेमका झाला कसा?

‘ईस्ट’ म्हणजे कुणाची पूर्व?

मुंबईकराला ईस्ट-वेस्ट म्हटलं की रेल्वेचे रूळ आठवतात. रुळाच्या या बाजूला ईस्ट, त्या बाजूला वेस्ट. बाकीच्या देशाला ईस्ट म्हटलं की बंगाल, बिहार, ओडिशा, झारखंड आठवतात. मनोरीच्या ‘ईस्ट’चा या दोन्हींशी संबंध नाही. ही पूर्व युरोपातून मोजलेली आहे.

१४९२ मध्ये कोलंबस पश्चिमेकडे निघाला तो भारताच्या शोधात. पोहोचला कॅरिबियन बेटांवर, पण आपण इंडियाजवळच आलो असं त्याला वाटलं. तिथल्या लोकांना ‘इंडियन’ नाव पडलं ते त्यामुळे. पुढे चूक लक्षात आली, तरी नाव पुसलं गेलं नाही. मग युरोपीय लोकांनी सोपा मार्ग काढला: पश्चिमेकडची बेटं ‘वेस्ट इंडीज’ आणि खरा भारत, शिवाय त्याच्याही पलीकडचे जावा-सुमात्रा वगैरे प्रदेश मिळून ‘ईस्ट इंडीज’. १६०० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीचं नाव ‘ईस्ट इंडिया कंपनी’ पडलं ते याच हिशेबाने. तिला बंगालशी व्यापार करायचा होता म्हणून नव्हे. कंपनीची सुरुवातीची वखार तर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुरतेत होती.

म्हणजे जुन्या इंग्रजीत ईस्ट इंडिया म्हणजे अख्खा भारत. त्या हिशेबाने कोल्हापूरचा शेतकरीही ईस्ट इंडियन आणि कोचीचा मच्छीमारही.

दुसरा अर्थ भारताच्या नकाशाच्या आतला आहे. आपली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ची. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १८५४ ला, हावडा ते हुगळी गाडी सुरू झाली आणि त्या कंपनीचं नाव होतं ‘ईस्ट इंडियन रेल्वे’. तिचा कारभार देशाच्या पूर्व भागात असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात शब्दाचा अर्थही तिकडेच सरकतो. एकच शब्द, पण एका अर्थात लंडन मध्यबिंदू आणि दुसऱ्यात भारत. कुठून मोजताय ते सांगितलं नाही तर दिशेला अर्थ उरत नाही, हे शाळेच्या भूगोलातच शिकवलेलं असतं. नावं ठेवताना ते कुणी पाळत नाही.

मनोरीला हे नाव मिळालं कधी?

इथे गोष्ट थोडी मागे न्यावी लागते.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. (साष्टी म्हणजे आजचं वांद्र्यापासून वरचं बहुतेक उपनगर आणि ठाणे. गोव्यातही साष्टी नावाचा तालुका आहे, दोन्हींची गल्लत नेहमी होते.) मिशनरी आले, धर्मांतरं झाली. कोळी, कुणबी, भंडारी, आगरी अशा वेगवेगळ्या जातींतले लोक ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज अशी पोर्तुगीज आडनावं मिळाली. गाव तेच राहिलं, शेत-समुद्र तेच, भाषाही तीच. पोर्तुगीज शब्द मिसळले, पण ते तर सगळ्याच मराठीत मिसळले. चावी, पगार, बादली, बटाटा हे शब्द वापरताना आपण पोर्तुगीज बोलतोय असं कुणाला वाटत नाही.

मुंबईची बेटं १६६१ च्या विवाह-करारानंतर इंग्रजांकडे गेली, पण साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई मराठ्यांनी घेतली. या लढाईत मनोरीचं बेटही होतं. मनोरी, गोराई, उत्तन ही गावं ज्या बेटावर आहेत त्याचं जुनं नाव धारावी. माहीमजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही, हाही एक दोन अर्थांचा शब्द. या बेटावर पोर्तुगीजांचा किल्ला होता आणि त्यासाठी मराठे-पोर्तुगीज झुंज झाली. पुढे १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आली.

म्हणजे अडीचशे वर्षांच्या आत या लोकांचे राज्यकर्ते तीनदा बदलले. पण लोक कुठे गेले नाहीत. त्यांना म्हणायचं काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या राज्यकर्त्यापुढे आला. इंग्रज त्यांना ‘पोर्तुगीज’ किंवा ‘बॉम्बे पोर्तुगीज’ म्हणत. दादरच्या गोखले रोडवरच्या चर्चला आजही सगळे ‘पोर्तुगीज चर्च’च म्हणतात, बसच्या कंडक्टरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत. त्या जुन्या सवयीचाच हा अवशेष.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली, बोटी आणि रेल्वे सुरू झाल्या, तसे गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती तरुण कामाच्या शोधात येऊ लागले. आडनावं तीच, धर्म तोच. साहेबाच्या कार्यालयात दोघांच्या अर्जांत फरक कळेना. स्थानिकांना हे खटकू लागलं. कारण गोव्याचा माणूस तेव्हा पोर्तुगालच्या राजाची प्रजा होता आणि मुंबई-साष्टीतला ख्रिस्ती माणूस इंग्रजांची. आपण या भागातले ब्रिटिश राजवटीचे सर्वांत जुने रोमन कॅथलिक प्रजाजन आहोत, नोकरीत आपला हक्क आधी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी ‘पोर्तुगीज’ हे लेबल काढून टाकणं गरजेचं होतं.

१८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्याच वर्षी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रीतसर घेतलं. यातल्या अनेकांनी ईस्ट इंडिया कंपनीत नोकऱ्या केल्या होत्या, त्या जुन्या नात्याची आठवण करून देणारं हे नाव. गंमत म्हणजे तोवर कंपनीच उरली नव्हती. १८५७ च्या उठावानंतर तिची सत्ता काढून घेतली गेली आणि १८७४ मध्ये ती कायमची बंद झाली. नाव घेतलं गेलं ते कंपनी संपल्यावर १३ वर्षांनी.

थोडक्यात, ‘आम्ही बाहेरून आलेलो नाही, आम्ही इथलेच’ हे सांगण्यासाठी जो शब्द निवडला, तोच शब्द ऐकून आज लोक विचारतात, ‘तुम्ही बाहेरून कुठून आलात?’

हाच शब्द इतरांनीही वापरला

मुंबईच्या आधी कोलकात्यात एका वेगळ्याच समाजाने हे नाव वापरलं होतं. युरोपीय आणि भारतीय अशा मिश्र वंशाचे लोक, ज्यांना आपण आज अँग्लो-इंडियन म्हणतो, ते १८२०-३० च्या सुमारास स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेत. कवी आणि शिक्षक हेन्री डेरोझिओ त्यांच्यातलाच. त्याने १८३१ मध्ये काढलेल्या वृत्तपत्राचं नाव ‘द ईस्ट इंडियन’ होतं. त्याच वर्षी अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. पुढे त्या समाजाचं हे नाव मागे पडलं.

तिसरा पत्ता कॅरिबियनचा. १८३८ पासून ब्रिटिश गयानात आणि १८४५ पासून त्रिनिदादमध्ये भारतातून मजूर नेले गेले. उसाच्या मळ्यांवर कराराने राबायला. तिथे ‘वेस्ट इंडियन’ हा शब्द आधीच वापरात होता आणि अमेरिका खंडात ‘इंडियन’ म्हणजे तिथले मूळ रहिवासी. मग भारतातून आलेले झाले ‘ईस्ट इंडियन’. क्रिकेट पाहणाऱ्यांना ही माणसं चांगली ओळखीची आहेत. १९५० मध्ये इंग्लंडला आपल्या फिरकीने नाचवणारा सॉनी रामाधीन, नंतरचा रोहन कन्हाय, अलीकडचा शिवनारायण चंदरपॉल. वेस्ट इंडीजच्या संघातले हे ईस्ट इंडियन. वाक्य विचित्र वाटेल, पण अगदी बरोबर आहे.

कॅनडात तर आणखी मजा. तिथल्या जनगणनेत वांशिक मूळ म्हणून ‘ईस्ट इंडियन’ असा प्रकार होता आणि २०१६ मध्ये १३ लाखांहून अधिक लोकांची नोंद त्याखाली झाली. यात पंजाबी, गुजराती, तमिळ, मराठी असं कुणीही असू शकतं. म्हणजे टोरांटोत राहणारं पुण्याचं कुटुंब तेव्हा सरकारी कागदावर ईस्ट इंडियन ठरत होतं. शेजारी मनोरीहून गेलेलं कुटुंब असेल तर तेही ईस्ट इंडियन. पण ते दोन्ही अर्थांनी.

मुंबईत आज हा घोळ का महत्त्वाचा?

नावाची गल्लत झाली तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. इतर कुठे फार बिघडलं नसतं. पण मुंबईत ‘इथला’ आणि ‘बाहेरचा’ हा वाद कायम तापलेला असतो. आडनाव परेरा, समाज ‘ईस्ट इंडियन’, एवढं ऐकून समोरचा माणूस मनात दोन शिक्के मारून मोकळा होतो: एकतर गोव्याचा, नाहीतर बंगालकडचा. या शहरातल्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी हा एक आहे, ही तिसरी शक्यता डोक्यात येतच नाही.

आणि प्रश्न फक्त गप्पांचा नाही. मुंबईतल्या गावठाणांचं आणि कोळीवाड्यांचं सीमांकन व्हावं, तिथल्या जुन्या घरांना झोपडपट्टी समजलं जाऊ नये, ही मागणी अनेक वर्षांची आहे आणि त्यात कोळी समाजाबरोबर ईस्ट इंडियनही आहेत. मनोरीपुरतं बोलायचं तर समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प याच गावात नियोजित आहे, सुरुवातीला दिवसाला २०० दशलक्ष लिटरचा. प्रकल्प चांगला की वाईट हा वेगळा विषय. पण जमीन, किनारा, मासेमारी यावर बोलणी होतात तेव्हा समोरचा माणूस मूळ गावकरी आहे की कधीतरी येऊन राहिलेला, याने फरक पडतो. तिथे नावच दिशाभूल करत असेल तर आधी नाव समजावण्यात वेळ जातो.

ज्यांना हा समाज मराठीच्या बाहेरचा वाटतो त्यांच्यासाठी एक नाव पुरेसं आहे: जोसेफ बाप्टिस्टा. १८६४ मध्ये माझगावच्या माथारपाखाडीत जन्म. वडील मूळचे उत्तनचे, म्हणजे मनोरीच्याच बेटावरचे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून इंजिनिअर, मग केंब्रिज, मग बॅरिस्टर. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी आणि १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. माझगावला डोंगरावरच्या उद्यानाला त्यांचं नाव आहे. तिथे फिरायला जाणाऱ्या किती जणांना ते ईस्ट इंडियन होते हे माहीत असेल, कुणास ठाऊक.

समाजातही सगळ्यांना हे नाव सारखंच जवळचं आहे असं नाही. वसईकडचे अनेक ख्रिस्ती स्वतःला कुपारी, सामवेदी किंवा वाडवळ म्हणणं पसंत करतात. काही कोळी ख्रिस्ती आधी कोळी म्हणतात, मग ख्रिस्ती. राणीच्या जुबिलीत घेतलेलं आणि एका परदेशी कंपनीची आठवण देणारं नाव आज कशाला, असं म्हणणारेही आहेत. दुसरीकडे गावठाणांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने स्वतःचं नाव ठेवलं ‘मोबाई गावठाण पंचायत’. ‘मोबाई’ म्हणजे मुंबईचाच जुना स्थानिक उच्चार. मनोरीतल्या ईस्ट इंडियन संग्रहालयाचं नावही ‘मोबाई भवन’ आहे. जुनी भांडी, शेतीची अवजारं, लुगडी, दागिने तिथे मांडलेले आहेत. दारावर मुंबईचं नाव आणि आतल्या समाजाच्या नावात लंडनहून मोजलेली दिशा, असे दोन्ही पत्ते तिथे एकत्र आहेत.

हे सगळं वाचायचं असेल तर एल्सी बाप्टिस्टा यांचं १९६७ चं या समाजावरचं इंग्रजी पुस्तक अजूनही पहिल्यांदा हाती घ्यावं असं आहे.

मग लिहायचं कसं, बोलायचं कसं?

मराठीत एक गोष्ट कटाक्षाने टाळायची: ‘ईस्ट इंडियन’चं भाषांतर. ‘पूर्व भारतीय ख्रिस्ती’ असं लिहिलं की मनोरीचा माणूस क्षणात ओडिशात जाऊन पोहोचतो. भाषांतराची ॲप हे नेमकं असंच करू शकतात. त्यांना शब्द कळतात, पण हे विशेषनाम आहे हे कळेलच असं नाही. सोलापूरला आपण कधी ‘सोळा गावं’ म्हणत नाही, तसंच हे. समाजाबद्दल बोलायचं तर ‘ईस्ट इंडियन’ हेच ठेवायचं, गरज वाटली तर पहिल्यांदा ‘मुंबईचे मूळ मराठीभाषक कॅथलिक’ एवढं जोडायचं.

बंगाल, बिहार, ओडिशाबद्दल बोलताना उलट ‘पूर्व भारतातले’ हे साधे मराठी शब्द पुरतात. इंग्रजीत लिहिताना त्या अर्थी ‘ईस्टर्न इंडियन’ म्हटलं तर गोंधळ होत नाही. आणि परदेशात कुणी तुम्हाला ईस्ट इंडियन म्हटलं तर वाद घालू नका. तो तुम्हाला बंगाली समजत नाहीये, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपेक्षा वेगळं ओळखतोय एवढंच.

संदर्भावरून अर्थ लावणंही कठीण नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बँडच्या तालावर विहिरीचं पाणी आणणं, म्हणजे ‘उंबराचं पाणी’, असा उल्लेख आला तर तो मुंबईचा ईस्ट इंडियन. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेण्याचा ‘अगेरा’ सण आला तरी तोच. फुगियास, खुड्डी, इंद्याल ही नावं ताटात दिसली तर शंकाच नको.

मोबाईलवर नुसतं ‘ईस्ट इंडियन फूड’ शोधलं तर मात्र रसगुल्ला आणि मोहरीतला मासाही समोर येऊ शकतो. मनोरीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचं असेल तर सोबत ‘बॉटल मसाला’ एवढंच टाकायचं. उन्हाळ्यात भाजून कुटलेला, वीसहून जास्त जिन्नसांचा हा मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरून वर्षभर ठेवतात, म्हणून हे नाव. आणि हो, मसाला ज्या बाटलीतून काढायचा असतो तिला लांब दांड्याचा चमचा लागतो, नाहीतर तळाचा मसाला तिथेच राहतो.